किशोरांचा व्यायाम : केवळ धावणे पुरेसे आहे काय?

सोळा वर्षांच्या आतील मुलाने वजन उचलावे काय, हा प्रश्न पालक हटकून विचारतात. वर्षानुवर्षे आमचे उत्तर ठरलेले होते : चालावे, धावावे, डंबेल्सना हात लावू नये, उंची खुंटेल. ते उत्तर आम्हांस आज मागे घ्यावयाचे आहे.

निमित्त झाला पंधरा वर्षांचा एक स्थूल, कफप्रकृतीचा मुलगा. धावण्याचा आमचा सल्ला त्याने आठवडाभर पाळला. मैदानावर तो सर्वांच्या मागे राही, मुले हसत. त्याने जाणेच सोडले. काही महिन्यांनी आम्हांस न विचारता तो तालमीत बैठका मारू लागला. तेथे मात्र तो समवयस्कांच्या पुढे होता. स्थूल मुलाचे पाय रोज देहभार वाहून बळकट झालेले असतात, हे आमच्या ध्यानीच आले नव्हते.

वाग्भटांनी व्यायाम वर्ज्य असणाऱ्यांत बालकाचा समावेश केला आहे आणि सुश्रुतांनी सोळा वर्षांखालील तो बाल मानला आहे. आमच्या निषेधाचा आधार हाच. परंतु वचन अक्षरशः घ्यावयाचे तर धावणेही वर्ज्य ठरते! तसे कोणी मानीत नाही. तेव्हा प्रश्न प्रकाराचा नसून मात्रेचा आहे, आणि मात्रा शास्त्राने दिलेलीच आहे : शीतकाळी व वसंतात अर्धशक्ती, इतर ऋतूंत त्याहून अल्प. कपाळ, नाक व काखेत घाम, मुखशोष, तोंडाने श्वास ही लक्षणे दिसताच थांबावे.

कॅनडातील ओटावा परिसरात १४ ते १८ वर्षांच्या ३०४ स्थूल किशोरांवर झालेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ आठवडे काहींनी दमश्वासाचा, काहींनी बलवर्धक, तर काहींनी दोन्ही व्यायाम केले; आहाराचा सल्ला सर्वांनाच होता. ज्यांनी सत्तर टक्के वा अधिक वेळा हजेरी लावली, त्यांच्यात संयुक्त व्यायामाने मेद केवळ दमश्वासाच्या व्यायामापेक्षा अधिक घटला. देखरेखीखालील बलवर्धक व्यायामाने उंची खुंटत नाही, हेही आता मान्य झाले आहे. इजा होते ती ईर्ष्येने जड वजन उचलल्याने.

जागतिक आरोग्य संघटना या वयास दररोज सरासरी ६० मिनिटे हालचाल व आठवड्यातून किमान ३ दिवस बलवर्धक व्यायाम सुचविते. आम्ही स्थूल मुलास आरंभी बैठका व भिंतीला हात टेकून जोर देतो. महिन्याने जलद चालणे, मग धावणे. सूर्यनमस्कार भरभर घातल्यास दम वाढतो, सावकाश घातल्यास बळ. मात्र त्यांत शरीर वर ओढण्याची क्रिया नाही. ती उणीव मल्लखांब भरून काढतो. (तो शिकविणारे गावोगाव मिळत नाहीत, ही अडचण आहेच.)

ज्वर, अजीर्ण वा परीक्षेचे जागरण असता त्या दिवशी व्यायाम नको. श्रमाने छातीत दुखणे वा मूर्च्छा येणे असा इतिहास असल्यास प्रथम हृदयाची तपासणी करवून घ्यावी, मगच तालमीची चिठ्ठी द्यावी.