'दर्या' आणि 'दऱ्या' : प्रत्येक यंत्रावर एकच मराठी

घरच्या संगणकावर 'सह्याद्रीच्या दऱ्या' असे टंकलेले वाक्य समोरच्याच्या मोबाइलवर 'सह्याद्रीच्या दर्या' असे उमटते तेव्हा डोंगरात समुद्र शिरतो. 'आचाऱ्यांना' पाठवलेला निरोप 'आचार्यांना' पोहोचतो. टंकणाऱ्याची यात चूक नसते आणि वाचणाऱ्याचीही नसते. दोन यंत्रांच्या मधल्या कुठल्या तरी आज्ञावलीने एक न दिसणारे चिन्ह निरुपयोगी समजून गाळलेले असते. एकच सॉफ्टवेअर संगणक, मोबाइल, टॅब्लेट अशा सर्व यंत्रांवर सारखे चालावे, ही अपेक्षा ऐकायला साधी आहे. ती पुरी करणे किती अवघड आहे, हे रोमन लिपीत सहसा लक्षात येत नाही. देवनागरीत ते पहिल्याच ओळीत लक्षात येते.

युनिकोड रुळण्यापूर्वीची स्थिती तर याहून बिकट होती. श्रीलिपी, शिवाजी, किरण अशा टंकांपैकी प्रत्येकाची मांडणी निराळी. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या २५६ जागांत काना, वेलांटी, अर्धी अक्षरे असे तुकडे आपापल्या सोयीने बसवलेले असत. संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. रोमन अक्षरांनी देवनागरीचा मुखवटा चढवलेला असे. टंक नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळून पडे आणि वाचकापुढे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग उभी राही. अनेक मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर बातमी वाचण्याआधी त्या त्या वृत्तपत्राचा टंक उतरवून घ्यावा लागे, हे जुन्या वाचकांना आठवत असेल.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिने देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा दिल्या. ही मांडणी भारतात तयार झालेल्या 'इस्की' या प्रमाणावर आधारलेली होती. तिच्यातील खरी कल्पना कामाच्या वाटणीची आहे. साठवायचे ते फक्त मूळ वर्ण आणि चिन्हे, उच्चाराच्या क्रमाने. ती कागदावरच्या वळणात कशी मांडायची, ते दाखवणाऱ्या यंत्राने ठरवायचे. 'किल्ला' या शब्दात आधी क साठवला जातो आणि मग पहिली वेलांटी. डोळ्यांना मात्र वेलांटी आधी दिसायला हवी. ही उलटापालट, जोडाक्षरांची घडण, रफार डोक्यावर चढवणे, ही सारी कामे अक्षररचना करणारा एक स्वतंत्र भाग टंकातील नियमांच्या आधारे पार पाडतो.

विंडोज २००० मध्ये ही सोय 'मंगल' या टंकासह आली. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला हा टंक लाखो मराठी माणसांचा संगणकावरील पहिला मराठी टंक ठरला. पण वाटणी झाली की वाटेकऱ्यांत मेळ हवा, आणि तो बरीच वर्षे नव्हता. विंडोज एक्सपीत ही सोय मुद्दाम सुरू करावी लागे. ती केली नसेल तर वेलांटी चुकीच्या बाजूला लटकत राही. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी नुसते रिकामे चौकोन दिसत.

दऱ्यांचे कोडे याच वाटणीतून सुटते. 'र' ला हलन्त जोडून पुढे 'य' आला, तर नियमाप्रमाणे रफार होतो: दर्या. मराठीला हवा असलेला वळणदार अर्धा र मिळवण्याचे दोन मार्ग युनिकोडने दिले. एक म्हणजे नुक्त्याचा 'ऱ' वापरणे. दुसरा म्हणजे हलन्तानंतर एक शून्य रुंदीचे जोडचिन्ह घालणे. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. त्यामुळे एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर साध्या तुलनेत सापडत नाही. 'ॲ' ची कथा हीच. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधीचा मजकूर 'अ' वर चंद्र चढवून लिहिलेला आहे. साठवण्यापूर्वी दोन्ही रूपे एका रूपात आणणे आणि अदृश्य चिन्हांना हात न लावणे, ही दक्षता ज्याने त्याने आपापल्या आज्ञावलीत घ्यायची असते. नेमकी तीच राहून जाते.

अक्षर कशाला म्हणायचे, हाही वादाचा विषय. 'स्त्री' हे वाचकाला एक अक्षर वाटते. युनिकोडच्या हिशेबात ती सहा चिन्हे आहेत आणि यूटीएफ-८ मध्ये साठवताना अठरा बाइट लागतात. रोमन लिपीतील एसएमएस १६० चिन्हांचा असतो, मराठीचा ७० चा, आणि त्यातील सहा एकट्या 'स्त्री'ने खर्ची पडतात. खोडण्याची कळ दाबल्यावर एका यंत्रात केवळ वेलांटी जाते, दुसऱ्यात अख्खे जोडाक्षर. भारतीय जोडाक्षरे अखंड मानण्याचा नियम युनिकोडच्या मजकूर-विभागणीत २०२३ मध्ये दाखल झाला, म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर बत्तीस वर्षांनी. हिशेब चुकला की काय होते, याचे ठळक उदाहरण २०१८ च्या फेब्रुवारीतले. तेलुगूतील 'ज्ञा' या एका अक्षराने आयफोनवरील संदेशांचे अनुप्रयोग बंद पडू लागले, आणि अॅपलला तातडीने सुधारित आवृत्ती काढावी लागली.

याखेरीज उंचीचा प्रश्न आहे. रोमन अक्षरांच्या मापाने आखलेल्या बटणात 'मार्केटिंग' मधील रफार, मात्रा आणि अनुस्वार यांना डोके वर काढायला जागाच नसते. अक्षरांत अंतर सोडण्याची रोमन हौस देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे करते. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने लिपीचे प्रमाणरूप ठरवून दिले. काही टंकांत ही वळणे असतातही, पण मजकूर मराठी आहे असे आज्ञावलीने स्पष्ट नोंदवले तरच ती प्रकट होतात. बहुतेक ठिकाणी ही नोंद कोणी करत नाही, आणि मराठी मजकूर हिंदी वळणात वाचला जातो.

सर्वत्र एकसारखे दिसावे म्हणून आपलाच टंक सोबत पाठवणे, हा एक उपाय. त्याने आकार वाढतो आणि मंद जोडणीवर पान रखडते. यंत्रात असलेल्या टंकावर विसंबले तर वेग मिळतो, पण रूप हातात राहत नाही. सरकारी अर्ज किंवा बँकेच्या पासबुकासारख्या कामात रूप थोडे बदलले तरी चालेल, नावातील एक चिन्हही गळून चालणार नाही. तिथे आधी साठवण तपासावी हे उघड आहे. तपासणीला मोठी सामग्रीही लागत नाही. 'दऱ्या', 'स्त्री', 'किल्ला', 'ॲप' आणि 'मार्केटिंग' हे पाच शब्द प्रत्येक यंत्रावर टंकावेत, शोधावेत, खोडावेत आणि दुसऱ्या यंत्राकडे पाठवून परत मागवावेत.