खटारा म्हणा, पण काय वाजतंय ते ऐका

तळ्याच्या नाक्यावर इंदापूरच्या गाडीची वाट बघत असलो आणि लांबून खडखडाट आला, की कुणीतरी म्हणतंच, "आला बघा खटारा!" आज या शब्दांविषयीच बोलूया.

खटारा हे मुळात हिणवायचं नाव नव्हतं. जुन्या मराठीत खटारा म्हणजे माल वाहणारी बैलगाडी. बैल गेले, मोटारी आल्या, खडखड मात्र राहिली. मग जिचा सांधा न् सांधा वाजतो त्या मोटारीला ते नाव चिकटलं. आता तर आपण गुडघ्यांचाही खटारा झाला म्हणतो! डबडं आपल्याच स्वयंपाकघरातलं, रिकामं आणि वाजणारं. एसटीला 'लाल डबा' म्हणतो त्यात माया जास्त. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली एसटी धावली, तेव्हापासूनची ती सोबत. पुढे नाक काढलेली तीनचाकी टेंपो 'डुक्कर' झाली. आणि 'धक्का स्टार्ट' म्हणजे काय, ते उतरून ढकलणाऱ्याला विचारा.

पण एका खटारा शब्दात दोन गाड्या लपतात. एकीचा पत्रा सडलाय, सीट फाटलीय, पण इंजिन आणि ब्रेक ठणठणीत. दुसरी नवा रंग मारून उभी, आतून खिळखिळी. गटातल्या ताईने जुना टेंपो घ्यायला कर्ज मागितलं, की बैठकीत ऐकू येतं, "खटारा असला तरी चालतोय ना!" चालतोय हे ठीक. उतारावर थांबतो का?

म्हणून ओळखीचा मेस्त्री सोबत न्या. दरवाजा वाजत असेल तर बोल्ट आवळून भागतं. स्टीअरिंग ढिलं असेल, ब्रेकचा पाय खोल जात असेल, तर थांबा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ते काम महाग पडतं.

कागदही बघा. भाड्याच्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. घरगुती गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढवायची. थर्ड पार्टी विमा दोन्हींना सक्तीचा. आरसी बुकावर कुणाचं नाव आहे, कर्जाचा बोजा उतरलाय का, हे वाचून घ्या. विकणारा "कागद नंतर देतो" म्हणाला, तर गटाचे पैसेही नंतरच द्या.