व्हॉल्वचा आवाज आणि वऱ्हाडचं व्होल्टेज

भीमजयंतीला अकोल्या-अमरावतीच्या वस्त्यांमध्ये कव्वालीचा मुकाबला रंगतो, तेव्हा गायकाच्या बरोबरीने एक वाद्य कडाडत असतं. आपण त्याला बेंजो म्हणतो. पोलादी तारा, त्यांच्याखाली पिकअप, पिकअपची वायर ॲम्प्लिफायरला आणि तिथून भोंग्याला. इलेक्ट्रिक गिटारची सगळी यंत्रणा यात आली. म्हणून ही गिटार म्हणजे मुंबई-पुण्याच्या पोरांची चैन, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही. विजेवर वाजणारी तार वऱ्हाडाच्या कानाला जुनीच आहे. व्हॅन शिपले आणि हजारा सिंग यांनी गिटारवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्यांवर तर आपल्या आधीची पिढी वाढली. आणि ट्रान्झिस्टर रुळण्याआधी लग्नातला भोंगा, टॉकीजचा आवाज, घरातला मर्फीचा रेडिओ, सगळं व्हॉल्ववरच, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवरच चालायचं. आज जगभरचे गिटारवादक ज्या आवाजासाठी पैसे साठवतात, तो आपल्या आजोबांनी मांडवात बसून ऐकलेला आहे.

आधी गिटारचं पाहू. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांमध्ये नाममात्र वीज निर्माण होते. फेंडर कंपनीची टेलिकास्टर १९५१ची, स्ट्रॅटोकास्टर १९५४ची. दोन्हींत एकेरी वेढ्यांचे पिकअप असतात. आवाज टणक, स्वच्छ, प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. पण हे पिकअप घरातल्या विजेची ५० हर्ट्झची घरघरही उचलतात. ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर जवळ असेल तर वैताग येतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये यावर तोड काढली. दोन वेढे उलटसुलट जोडले आणि त्यांचे चुंबकही उलटसुलट ठेवले, की घरघर एकमेकांत विरते आणि तारेचा आवाज मात्र दुणावतो. हाच हंबकर. १९५७पासून तो गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागला. त्यात वरच्या पट्टीची धार थोडी बोथट होते आणि आवाजाला भरीवपणा येतो. शिवाय फेंडरच्या तारेची लांबी साडेपंचवीस इंच, गिब्सनची पावणेपंचवीसच्या आसपास. लांब तारेला त्याच स्वरासाठी जास्त ताण लागतो, म्हणून ती बोटाला कडक लागते. लेस पॉलवर मींड घेणं सोपं जातं ते याचमुळे. लाकडावरून फार वाद होतात. माझ्या मते पिकअप, तारा, ॲम्प आणि स्पीकर यांच्यापुढे लाकडाचा वाटा लहान आहे.

खरी गंमत ॲम्पमध्ये आहे. व्हॉल्वच्या प्लेटला तीनशे ते साडेचारशे व्होल्ट लागतात. मर्यादेत वाजवलं तर आवाज स्वच्छ येतो. मर्यादा ओलांडली की साधा ट्रान्झिस्टर ॲम्प लहरीचा माथा एकदम कापतो आणि आवाज करकरीत होतो. व्हॉल्व तो माथा हळूहळू दाबत जातो, त्यातून उपस्वरांची एक झालर उमटते. तंबोऱ्याची जवारी लागली की एका तारेतून अनेक स्वर फुलतात, तसंच काहीसं. ‘व्हॉल्वमधून फक्त सम उपस्वर येतात’ असं सर्रास सांगितलं जातं, ते मात्र अर्धसत्य आहे. मोठ्या ॲम्पमध्ये शेवटचे व्हॉल्व जोडीने उलटसुलट चालतात आणि त्या जोडीत सम उपस्वर बरेचसे विरून जातात. गोडवा येतो तो मर्यादा हळुवार ओलांडण्यातून.

आणि एक गोष्ट ऐकू येण्यापेक्षा बोटांना जास्त कळते. जुन्या धाटणीच्या ॲम्पमध्ये विजेचा पुरवठाही व्हॉल्वमार्फत होतो. तार जोरात छेडली की व्होल्टेज क्षणभर खचतं आणि पुन्हा सावरतं. सूर आधी किंचित दबतो, मग उमलतो. गिटारवरचं आवाजाचं बटण थोडं मागे फिरवलं, की तोच ॲम्प पुन्हा स्वच्छ बोलतो. समोरच्या श्रोत्याला डोळे मिटून चांगला डिजिटल ॲम्प आणि व्हॉल्व ॲम्प यांतला फरक सांगणं अवघड आहे, हे प्रांजळपणे मान्य करायला हवं. पण वाजवणाऱ्याला तो पहिल्या छेडीला जाणवतो आणि त्याचं वाजवणंच बदलतं.

हाताशी असलेल्या सुट्या भागांनी आवाज कसा बदलतो, याचं उत्तम उदाहरण लंडनचं. जिम मार्शल यांच्या दुकानात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला फेंडरच्या बासमन ॲम्पची जवळपास हुबेहूब नक्कल बनली. पण ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर इंग्लंडमध्ये मिळतील ते घातले. निघाला तो वेगळाच, जास्त खरबरीत आवाज. पुढे अख्खं रॉक संगीत त्यावर उभं राहिलं.

स्पीकरकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. गिटारच्या कागदी शंकूच्या बारा इंची स्पीकरमधून ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर पडत नाही आणि तेच हवं असतं. गणेशोत्सवात पोरं डिस्टॉर्शनचा पेडल थेट मंडळाच्या साउंड सिस्टीमला जोडतात आणि कान किटतात. दोष गिटारचाही नसतो, पोराचाही नसतो. वरची सगळी करकर गाळणारा स्पीकरच तिथे नसतो.

आता आपल्या भागाचं. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन आपल्या मार्शल ॲम्पचं व्होल्टेज मुद्दाम यंत्र लावून उतरवायचा. आपल्या खेड्यांत ते काम लाइनच करते. २३०चे १९० झाले की व्हॉल्वच्या फिलामेंटला ६.३ऐवजी जेमतेम ५.२ व्होल्ट मिळतात. आवाज मऊ पडतो, पण व्हॉल्व असा सतत अर्धवट तापत राहिला तर त्याचं आयुष्य घटतं. वाढलेलं व्होल्टेजही तितकंच घातक. चांगला स्टॅबिलायझर हवाच. अमेरिकेहून कुणी ॲम्प पाठवला तर तो १२० व्होल्टचा असतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर न लावता तो लावूच नये. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. अशा वेळी ॲम्प भिंतीला चिकटवू नका, मागून हवा खेळू द्या. त्याच कोरड्या उन्हात गिटारच्या पट्टीचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. पावसाळा लागला की मान वाकते. उन्हाळ्याच्या तोंडी एकदा आणि पावसाळ्यात एकदा मानेतला ट्रस रॉड जाणकाराकडून जुळवून घ्यावा.

पैसे मोजके असतील तर गिटार साधी घ्या, ॲम्प आणि स्पीकर नीट निवडा. शंभर वॅटच्या मागे लागू नका. दहा वॅटपेक्षा शंभर वॅट कानाला साधारण दुप्पटच वाटतात. घरासाठी पाच वॅटचा व्हॉल्व ॲम्पही शेजारी दार ठोठावतील इतका वाजतो.

जुन्या साउंड सर्व्हिसवाल्यांना एक विनंती आहे. तुमच्या माळ्यावर अहुजाचा किंवा शिकागो रेडिओचा व्हॉल्ववाला ॲम्प पडला असेल, तर तो किलोच्या भावाने भंगारात देऊ नका. त्यातला आउटपुट ट्रान्सफॉर्मर आज सहजी मिळत नाही, आणि जाणत्या कारागिराने कपॅसिटर बदलून थोडे फेरफार केले, तर त्याचा गिटारसाठीही उपयोग होऊ शकतो. फक्त स्वतः उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातले कपॅसिटर जीवघेणा धक्का देऊ शकतात. व्हॉल्व जाणणारा म्हातारा मेकॅनिक गावात असेल तर त्याच्याकडे न्या आणि शेजारी एखाद्या शिकणाऱ्या पोराला बसवा.