शिक्षा संपली, दंड बाकी

शिक्षा भोगून झाली तरी माणूस आतच, कारण दंड भरलेला नाही. दंडाच्या बदली कैद वेगळी मोजली जाते, आणि ती भोगतो तो गरीबच.

दंड थोडा भरला तरी त्या प्रमाणात ही कैद घटते. भारतीय न्याय संहितेचे कलम 8 तसे सांगते. जुन्या खटल्यांना भादंवि कलम 69. समजा दंड 10,000 रुपये, न भरल्यास 4 महिने कैद. 7,500 भरले तर 1 महिनाच भोगावा लागतो. सावकाराकडे जाण्याआधी हा हिशोब मांडा.

शिवाय 2023 मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी अर्थसाहाय्य योजना आणली. त्या वेळच्या नियमांत दंडासाठी 25,000, तर जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदत होती. मंजुरी जिल्ह्यातली समिती देते. कैद्याची माहिती कळवणे तुरुंग प्रशासनाचे काम. पण घरच्यांनी वाट का पाहावी? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज द्यावा, निकालाची प्रत जोडावी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोठडीतल्या कुणालाही तिथे वकील मोफत मिळतो. तो 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र अमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंगच्या आरोपींना जामिनासाठी ही मदत मिळत नाही.