घरात राहा, पण कुठल्या घरात?

मार्च 2020 मध्ये करोनामुळे ‘घरातच राहा’ असा आदेश निघाला, तेव्हा पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीतल्या कितीतरी पाड्यांवर घराचीच धास्ती होती. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसत होते. फेब्रुवारी 2019 मध्ये धक्का बसताच पळापळ झाली आणि त्यात हळदपाड्यातली दोन वर्षांची मुलगी दगावली. तेव्हापासून लोक रात्री अंगणात, तंबूत झोपू लागले. सप्टेंबर 2020 मध्ये, साथ भरात असताना, जमीन पुन्हा हादरली. आत भूकंप, बाहेर करोना, झोपायचे कुठे?

रोजगारही सीमेपलीकडचा, गुजरातमधला. उंबरगावच्या कारखान्यांचे दरवाजे बंद झाले. गुजरातच्या बोटींवरचे खलाशी परतले, तर त्यांना किनाऱ्यावर उतरू देण्यावरून वाद झाले. पोटासाठी बाहेर गेलेला आपलाच माणूस गावाला संशयित वाटू लागला.

त्या भीतीचे टोक एप्रिल 2020 मध्ये दिसले. मुले पळवणारे, किडन्या काढणारे फिरतात, अशा अफवांनी गावे रात्रभर पहारा देत होती. 16 एप्रिलच्या रात्री गडचिंचल्यात जमावाने दोन साधू आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेतला. या गुन्ह्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण अटकसत्रानंतर पुरुष रानात लपले, घरी उरलेल्या बायकामुलांचे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

एरवी दुःख हलके करणारी ठिकाणेही बंद होती. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरली नाही, लग्नसराई ओसरली, मयताला चार माणसे जमेनात.

साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंता आणि नैराश्याचे प्रमाण 25 टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये सांगितले. पाड्यावर नैराश्य त्या नावाने दवाखान्यात येत नाही. ‘झोप लागत नाही’, ‘छातीत धडधडते’, ‘अंगात बळ नाही’ अशा तक्रारी येतात, गोळी मिळते आणि माणूस परत जातो. किंवा आधी भगताकडे जातो. ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर ‘टेलिमानस’ची मोफत मदत मिळते, पण रेंज नसलेल्या पाड्यावरून, परक्या आवाजापाशी मन मोकळे करणे सोपे नाही.

ताप मोजायला घरोघर माणसे गेली होती. पुढच्या साथीत त्याच उंबऱ्यावर आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तोही इथल्या वारली बोलीत: रात्री झोप लागते का?