घराचे तोंड आणि गाडीचे दार

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. माझ्या अल्पशा अनुभवावरून मी त्यात एवढीच भर घालीन की, बांधलेल्या घराला गाडीसाठी दार बसवूनही पाहावे! हा प्रसंग गेल्या वर्षी आमच्या घरी आला. तीन महिने घरात दुसरा विषय नव्हता. कला शाखेच्या विद्यार्थ्याने लोखंडी दारावर लेख लिहावा याचे कुणाला नवल वाटेल. पण घराचा दर्शनी भाग हा वाटसरूलाही रोज पाहावा लागतो. तेव्हा हा विषय अगदीच परका नाही.

आमचे घर साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत, अजिंक्यताऱ्याच्या उतारावर आहे. दर्शनी रुंदी अवघी बावीस फूट. मध्ये सागवानी दार, डावीकडे दगडी ओटा आणि उजवीकडे एक अंधारी खोली. पूर्वी तिथे जळण साठवीत. वडिलांनी गाडी घेतली आणि ती गल्लीत उभी राहू लागली. आठ दिवसांत तिच्या अंगावर तीन ओरखडे उठले. मग गाडी आत घ्यायची, असे ठरले. सर्वांत सोपा उपाय वडिलांनी सुचवला: ओटा काढायचा, जुने दार काढायचे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच मोठे शटर लावायचे. यावर आजी म्हणाली, “अरे, गाडीला खुशाल दार करा. पण माणसांनी यायचं कुठनं?”

तेव्हा आम्ही सगळे हसलो. पुढे लक्षात आले की, साऱ्या प्रश्नाचे मर्म आजीच्या या एका वाक्यात होते.

आपल्याकडे ‘गॅरेज’ म्हटले की गाडी दुरुस्तीचे दुकान डोळ्यांपुढे येते. घरातल्या जागेला आपण ‘पार्किंग’ म्हणतो. नाव नवे असले, तरी गरज मात्र नवी नाही. जुन्या वाड्यांत घोड्यांसाठी पागा असे, बैलगाडी आत येईल एवढा दरवाजा असे. मग एकट्यादुकट्या माणसासाठी तो अजस्र दरवाजा दर वेळी उघडायचा काय? त्यावर पूर्वजांनी दिंडीची युक्ती काढली. मोठ्या दरवाज्याच्या एका फळीतच माणूस वाकून जाईल एवढे लहान दार. पुण्याच्या शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे चटकन कळेल. या वाड्याची वास्तुशांत १७३२ साली झाली. हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून त्यावर अणकुचीदार खिळे आहेत, आणि त्याच दरवाज्यात माणसासाठी दिंडीही आहे. वाहनाचे माप वेगळे आणि माणसाचे माप वेगळे, हे त्या सुतारांना पक्के ठाऊक होते. वाड्याचा दरवाजा आपल्याला शोभिवंत वाटतो तो केवळ कोरीव कामामुळे नव्हे. भिंत, चौकट आणि आत शिरणारा माणूस यांचे प्रमाण त्यात सांभाळलेले असते.

आता शटरचा विचार करू. शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पत्र्याच्या अरुंद पट्ट्या. त्या दोन बाजूंच्या खाचांतून वर सरकतात आणि माथ्यावरच्या दांड्याला गुंडाळल्या जातात. दांड्यातली स्प्रिंग वजन पेलते, म्हणून एक माणूस ते उचलू शकतो. उघडताना ते ना पुढे जागा खाते ना मागे. हा त्याचा मोठा गुण, आणि म्हणूनच ते दुकानाला उत्तम. पण दुकान दिवसभर उघडे असते, तेव्हा शटर दिसत नाही. घराचे शटर दिवसभर बंदच असते. आमच्या गल्लीत सात घरांपैकी चार घरांना आता शटरे आहेत. भरदुपारी तिथून जाताना सुट्टीच्या दिवशी बंद असलेल्या बाजारपेठेतून जात असल्यासारखे वाटते. घरात माणसे असतात, पण बाहेरून ती आहेत असे वाटत नाही. शिवाय सकाळी दूध घ्यायचे तर ते सारे धूड खडखडाट करीत उचलावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत मी सांगलीला मामांकडे गेलो, तेव्हा या प्रश्नाची आणखी एक बाजू कळली. मामांचे घर गावभागात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट मानतात. मामांच्या घराचे शटर तेव्हा पाण्यात होते. पाणी ओसरले, पण दोन्ही बाजूंच्या खाचांत गाळ भरून घट्ट बसला होता. शटर ना वर जाई ना खाली. शेवटी ते गॅसने कापून काढावे लागले. त्यानंतर मामांनी दोन झडपांचे जाळीदार गेट करून घेतले. जाळीतून पाणी येते आणि तसेच निघूनही जाते. झडपा बिजागऱ्यांवरून वर उचलून काढता येतात. पुराची सूचना आली की त्या माडीवर नेऊन ठेवायच्या. मामा म्हणाले, “नदीला दार लावता येत नाही रे. तिला वाट द्यावी लागते.” ते गेट मला दिसायलाही बरे वाटले, कारण घराच्या खिडक्यांना जसे उभे गज आहेत तसेच त्यालाही आहेत.

साताऱ्याला परतल्यावर मी टेप घेऊन घर मोजले. सरकते गेट बाद झाले, कारण नऊ फुटांचे गेट सरकवायला शेजारी नऊ फूट भिंत मोकळी हवी. आमच्याकडे तिथे दार आणि ओटा आहे. बाहेर उघडणाऱ्या झडपा गल्लीत येणार, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपाळाला! शिवाय गल्ली चढाची, झडप जमिनीला घासणार. गाडी चढवायचा उतार गटारावर बांधणे हेही अतिक्रमणच. तो आतच घ्यायला हवा. लहान गाडी चार मीटरच्या आत, म्हणजे तेरा फुटांच्या आसपास लांब असते. जळणाची खोली सतरा फूट खोल होती. तेव्हा आत घडी होणाऱ्या, तीन-तीन फुटांच्या तीन झडपांचे गेट बसत होते.

तेच आम्ही केले. खोलीची पुढची भिंत काढून नऊ फुटांची वाट केली. एक झडप रोजची, सायकल आणि स्कूटर नेण्यासाठी. ही आमची दिंडी. गेटचा माथा जुन्या दाराच्या चौकटीच्या रेषेत घेतला. खाली पत्रा, वर उभे गज. गजांतले अंतर खिडकीच्या गजांइतकेच. लाकडाची नक्षी छापलेला पत्रा लावा, असे गेट करणाऱ्याने सुचवले होते. पण शेजारी खरे सागवानी दार असताना खोटे लाकूड कशाला? रेड ऑक्साइडचा हात देऊन वर गडद तपकिरी रंग दिला. लोखंड लोखंडच दिसते, पण जुन्या दाराशी भांडत नाही.

वडिलांना हे सुरुवातीला पटले नव्हते. शटर स्वस्त पडले असते आणि काम आठवड्यात झाले असते, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. घडीच्या गेटला महिना लागला, आणि गाडी आत घेताना आजही दोनदा मागे-पुढे करावे लागते. सोय आणि शोभा यांत थोडी देवघेव करावीच लागते, ती कुठे करायची हे मात्र ज्याने त्याने आपल्या घरापुढे उभे राहून ठरवावे.

म्हणून असे दार निवडणाऱ्याला माझी विनंती एवढीच. गेटची चित्रे पाहण्याआधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन आपले घर पाहावे. त्याच्या खिडक्या, चौकटी, रंग, उंची पाहावी. पावसाचे पाणी कुठून येते ते पाहावे. गाडी दिवसातून दोनदा ये-जा करते आणि माणसे वीसदा, हा हिशेब मांडावा. मग दार आपोआप सुचते.

आमचा ओटा वाचला. संध्याकाळी आजी तिथे शेंगा निवडीत बसते, आणि गल्लीतून जाणारा एखादा तरी तिच्याशी बोलायला थांबतो. गाडी शेजारीच गजांआड उभी असते. तिची कुणी विचारपूस करीत नाही, आणि तिला त्याचे वाईटही वाटत नसावे!