‘असतं तर’ इंग्रजीत नेताना: इफ, विश आणि शुड हॅव



दिवाळीच्या सुट्टीत साकोलीला घरी होते. पेटची तयारी करणारी एक जुनी मैत्रीण सिनॉप्सिस दाखवायला आली. विषय एकदम आपल्या मातीतला: मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली धानाची शेती. काम मनापासून केलेलं होतं. पण दुसऱ्याच पानावर हे वाक्य होतं:

‘इफ द टँक वुड हॅव बीन रिपेअर्ड, द फार्मर्स विल ट्रान्सप्लांट ऑन टाइम.’

मी विचारलं, “तलाव दुरुस्त झाला का गं?”
ती म्हणाली, “नाही ना, तेच तर लिहिलंय.”

पण ते लिहिलेलं नव्हतं. वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरून वाटतं की तलाव दुरुस्त झालाच नाही. दुसऱ्या अर्ध्यावरून वाटतं की शेतकरी आता वेळेवर रोवणी करणार आहेत. मुलाखतीत समोर बसलेल्या माणसाला तुमचं गाव माहीत नसतं, तलावही माहीत नसतो. त्याच्या हातात फक्त वाक्य असतं. काय झालं, काय झालं नाही आणि काय अजून होऊ शकतं, हे तो क्रियापदावरूनच ठरवतो. म्हणून आजचा लेख कंडिशनल वाक्यांवर, आणि त्यांच्याच घरातल्या दोन गोष्टींवर: इच्छा आणि पश्चात्ताप.

आधी एक गैरसमज काढून टाकू

आपल्याकडे सर्रास ऐकू येतं, “आपलं मराठीच धड नाही, मग इंग्रजी कुठून येणार?” त्यात घरी झाडीबोली बोलणारी मुलं तर आधीच दबलेली असतात, कारण ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की वर्गात हसू ऐकू आलेलं असतं. साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास आणि कोशाचं काम केलं, तरी हा न्यूनगंड अजून पूर्ण गेलेला नाही.

भाषाविज्ञानातही असाच एक वाद होऊन गेला आहे. आल्फ्रेड ब्लूम या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ मध्ये ‘द लिंग्विस्टिक शेपिंग ऑफ थॉट’ हे पुस्तक लिहिलं. चिनी भाषेत ‘झालं असतं तर’ दाखवणारं वेगळं क्रियारूप नाही, म्हणून चिनी भाषकांना न घडलेल्या गोष्टींचा तसा विचार करणं अवघड जातं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी लोकांना गोष्टी वाचायला देऊन प्रश्न विचारले होते आणि चिनी वाचकांची उत्तरं जास्त चुकली होती.

१९८३ मध्ये टेरी ऑ यांनी ‘कॉग्निशन’ या नियतकालिकात याला उत्तर दिलं. त्यांचा आक्षेप साधा होता: गोष्टींची चिनी भाषाच सहज नव्हती. त्यांनी सरळ, ओघवत्या चिनीत गोष्टी दिल्या, तेव्हा वाचकांना ‘असं झालं असतं तर’ हा अर्थ नीट कळला.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, प्रश्नावलीची भाषा बिघडली की निष्कर्ष बिघडतो. इंग्रजीतली प्रश्नावली शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. दुसरी, व्याकरणाचा एखादा साचा नसला म्हणून विचार नसतो असं नाही.

आणि आपल्याकडे तर साचाही आहे! शाळेत क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो ना: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. ‘तलावात पाणी असतं तर रोवणी वेळेवर झाली असती’ हा संकेतार्थ. हे वाक्य आपल्याला कोणी शिकवावं लागलं नाही. धानाच्या मुलखात पाऊस लांबला, पऱ्हे वाळायला लागले, की दर वर्षी ते कानावर पडतंच.

मग चूक होते कुठे?

दोन्ही भाषांत अर्थ तोच आहे, पण तो ठेवायची जागा वेगळी आहे. तीन ठिकाणी घोळ होतो.

पहिलं ठिकाण. मराठीत ‘असतं’ दोन्ही बाजूंना येतं: ‘मला माहीत असतं तर मी आले असते.’ इंग्रजीत ‘वुड’ फक्त परिणामाच्या बाजूला येतो. ‘इफ’च्या बाजूला नुसता भूतकाळ किंवा ‘हॅड’. आपण मराठीसारखं दोन्हीकडे सारखं करायला जातो आणि ‘इफ आय वुड हॅव नोन, आय वुड हॅव कम’ असं लिहितो. बोलण्यात, विशेषतः अमेरिकेत, हे ऐकू येतं. पण प्रबंधात आणि परीक्षेत ते चूकच धरलं जातं. बरोबर वाक्य: ‘इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.’

दुसरं ठिकाण जास्त महत्त्वाचं आहे. ही दोन वाक्यं बघा:

‘काल सुट्टी असती तर मी नागपूरला गेले असते.’
‘उद्या सुट्टी असती तर मी नागपूरला गेले असते.’

एक कालचं आहे, एक उद्याचं. पण क्रियापदं अगदी तीच! मराठीत काळ ‘काल’ आणि ‘उद्या’ या शब्दांनी किंवा संदर्भाने कळतो. ‘असते’ एवढंच सांगतं की ही गोष्ट खरी नाही. इंग्रजी मात्र काळसुद्धा क्रियापदातच मागते:

कालचं: ‘इफ यस्टरडे हॅड बीन अ हॉलिडे, आय वुड हॅव गॉन टू नागपूर.’
उद्याचं: ‘इफ टुमॉरो वेअर अ हॉलिडे, आय वुड गो टू नागपूर.’

आपण ‘गेले असते’ म्हटलं की डोक्यात लगेच ‘वुड हॅव गॉन’ येतं. म्हणून उद्याचं वाक्यही आपण कालच्या रूपात लिहून मोकळे होतो.

तिसरं ठिकाण. ‘इफ टुमॉरो वेअर’ यात उद्यासोबत भूतकाळ कसा? सबीन इयात्रिदू यांनी २००० मध्ये ‘लिंग्विस्टिक इन्क्वायरी’त याच विषयावर लिहिलं, आणि अशा भूतकाळाला ‘फेक पास्ट’ हे नाव अभ्यासात रुळलं. म्हणजे रूप भूतकाळाचं, पण काम वेगळं. साधारण भूतकाळ सांगतो की गोष्ट ‘आत्ता’पासून दूर आहे. ‘इफ’मधला भूतकाळ सांगतो की ती ‘वास्तवा’पासून दूर आहे. हे एकदा पटलं की ‘इफ आय हॅड मनी’ बघून गोंधळायला होत नाही. तो ‘हॅड’ कालच्या पैशांबद्दल नाही, आज नसलेल्या पैशांबद्दल आहे. आणि खरोखरच मागच्या काळाबद्दल बोलायचं असेल तर भूतकाळ आधीच वापरून झालेला असतो, म्हणून आणखी एक पायरी मागे जावं लागतं: ‘हॅड हॅड’, ‘हॅड बीन’, ‘हॅड नोन’.

पाठांतर नको, दोन प्रश्न विचारा

गाईडबुकात टाइप झिरो, वन, टू, थ्री असे तक्ते असतात. ते पाठ करून परीक्षेत रिकाम्या जागा भरता येतात, पण स्वतःचं वाक्य लिहिताना आठवत नाहीत. मी हे दोन प्रश्न वापरते.

प्रश्न १: दार उघडं आहे की बंद? म्हणजे ही गोष्ट अजून घडू शकते का?
प्रश्न २: बंद असेल, तर गोष्ट कधीची? आत्ताची-पुढची की मागची?

तलावाचंच वाक्य घेऊ.

दार उघडं: ‘इफ द टँक इज रिपेअर्ड, द फार्मर्स विल ट्रान्सप्लांट ऑन टाइम.’ तलाव दुरुस्त झाला तर रोवणी वेळेवर होईल. होईल की नाही, माहीत नाही.

दार बंद किंवा जवळजवळ बंद, गोष्ट आत्ताची: ‘इफ द टँक वेअर इन गुड कंडिशन, द फार्मर्स वुड ट्रान्सप्लांट ऑन टाइम.’ तलाव सध्या चांगला नाही.

दार बंद, गोष्ट मागची: ‘इफ द टँक हॅड बीन रिपेअर्ड, द फार्मर्स वुड हॅव ट्रान्सप्लांटेड ऑन टाइम.’ दुरुस्ती झाली नाही, रोवणीची वेळही गेली.

वाक्याच्या दोन भागांचे काळ वेगळे असू शकतात. तेव्हा दुसरा प्रश्न प्रत्येक भागाला वेगळा विचारायचा: ‘इफ द टँक हॅड बीन रिपेअर्ड टेन इयर्स अगो, इट वुड होल्ड मोअर वॉटर टुडे.’ दुरुस्ती तेव्हाची, पाणी आजचं.

मैत्रिणीला मी हेच विचारलं: तुला काय म्हणायचंय? थोडा विचार करून ती म्हणाली, “मला तर पहिलंच म्हणायचं होतं. तीच माझी हायपोथेसिस आहे.” बघा, तिची हायपोथेसिस उघड्या दाराची होती आणि वाक्याने ते दार बंद करून टाकलं होतं. जे अजून तपासायचं आहे ते ‘वुड हॅव’मध्ये लिहिलं, तर परीक्षक विचारणारच, “उत्तर आधीच ठरलंय, मग अभ्यास कशाला?”

विश, होप आणि आपली ‘इच्छा’

‘विश’ म्हणजे इच्छा, हे आपण पाचवीत पाठ केलं. तिथूनच ‘आय विश आय विल क्लिअर नेट’ असं वाक्य तयार होतं. पण ‘विश’च्या मागे पूर्ण वाक्य आलं की ते बहुतेक वेळा बंद दाराचं असतं. दार उघडं असेल तर ‘होप’: ‘आय होप आय क्लिअर नेट.’

‘विश’ला मराठीत जवळचा शब्द ‘इच्छा’ नाही, ‘तर किती बरं झालं असतं’ हा आहे. नियम वरचाच:

‘मला स्टॅटिस्टिक्स येत असतं तर!’ गोष्ट आजची: ‘आय विश आय न्यू स्टॅटिस्टिक्स.’
‘एमएला असतानाच शिकले असते तर!’ गोष्ट मागची: ‘आय विश आय हॅड लर्न्ट इट ड्युरिंग माय एमए.’
बसस्टँडवर तासभर उभं राहून आपण म्हणतो, ‘येऊ दे बाई एकदाची बस!’ त्या वैतागाला ‘वुड’ लागतो: ‘आय विश द बस वुड कम.’

पश्चात्ताप: ‘हवं होतं’ची गंमत

हे तीन बघा:

‘मला तो पेपर वाचायचा होता.’ मनात होतं: ‘आय वॉन्टेड टू रीड दॅट पेपर.’
‘मला तो पेपर वाचावा लागला.’ भाग पडलं, आणि वाचला: ‘आय हॅड टू रीड दॅट पेपर.’
‘मी तो पेपर वाचायला हवा होता.’ वाचला नाही, चूक झाली: ‘आय शुड हॅव रेड दॅट पेपर.’

पहिल्यात आणि तिसऱ्यात ‘होता’ आहे, आणि ‘हवं’ म्हटलं की ‘वॉन्ट’ आठवतं. म्हणून तिसऱ्याचं भाषांतर पहिल्यासारखं होतं. वाइव्हात हे फार महागात पडू शकतं. ‘आय वॉन्टेड टू टेक अ लार्जर सॅम्पल’ म्हणजे मनात होतं, जमलं नाही. ‘आय शुड हॅव टेकन अ लार्जर सॅम्पल’ म्हणजे ही माझी चूक, मी मान्य करते. लिमिटेशन्स लिहिताना तर तिसराच सूर लागतो, ज्यात तक्रारही नाही आणि कबुलीजबाबही नाही: ‘इफ द सॅम्पल हॅड बीन लार्जर, द एस्टिमेट्स वुड हॅव बीन मोअर प्रिसाइज.’ काय झालं नाही आणि त्याचा परिणाम काय, एवढंच.

थोडा सराव

आधी स्वतः इंग्रजीत करा. खालची उत्तरं झाकून ठेवा.

१. पाऊस वेळेवर आला तर जुलैत रोवणी होईल.
२. काल बस चुकली नसती तर मी मुलाखतीला वेळेवर पोहोचले असते.
३. साकोलीत मोठी लायब्ररी असती तर मला दर आठवड्याला नागपूरला जावं लागलं नसतं.
४. मी गाईडला आधीच विचारायला हवं होतं.

उत्तरं:

१. ‘इफ द रेन्स कम ऑन टाइम, ट्रान्सप्लांटिंग विल बी डन इन जुलै.’ दार उघडं. ‘इफ’च्या बाजूला ‘विल’ नाही.
२. ‘इफ आय हॅडन्ट मिस्ड द बस यस्टरडे, आय वुड हॅव रीच्ड द इंटरव्ह्यू ऑन टाइम.’
३. ‘इफ साकोली हॅड अ बिग लायब्ररी, आय वुडन्ट हॅव टू गो टू नागपूर एव्हरी वीक.’ मराठीत ‘लागलं नसतं’ दिसलं, तरी गोष्ट आजची आहे.
४. ‘आय शुड हॅव आस्क्ड माय गाईड अर्लियर.’

तिसरं चुकलं असेल तर दुसरं ठिकाण पुन्हा वाचा. सगळ्यात जास्त घसरगुंडी तिथेच होते, माझीही व्हायची.

आज रात्री एक काम करा. आपला सिनॉप्सिस उघडा, त्यातला प्रत्येक ‘इफ’, ‘वुड’ आणि ‘शुड’ शोधा, आणि प्रत्येकाला ते दोन प्रश्न विचारा. मैत्रिणीच्या बारा पानांत अशी सात वाक्यं निघाली. दुरुस्त करायला अर्धा तास लागला, आणि ते करता करता तिच्या लक्षात आलं की दोन ठिकाणी तिला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं, ही गोष्ट तपासायची आहे की आधीच गृहीत धरली आहे. ती दोन वाक्यं तिने तशीच बाजूला ठेवली. आता त्यावर ती तिच्या गाईडशी बोलणार आहे.